आकाशातून येणारे चित्र

पुराच्या वेळी विमानातून काढलेले छायाचित्र जमिनीवर लवकर पोहोचले, तर माणसांचे प्राण वाचू शकतात. पण रेडिओची वाट अरुंद असते. त्या वाटेने मोठे चित्र कसे आणतात आणि ते आणताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वर्धा जिल्ह्याच्या नकाशात समुद्रपूर हे नाव शोधून पाहा. नाव समुद्रपूर, पण समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर! हा कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकवणारा तालुका आहे. गिरडची टेकडी याच तालुक्यात आहे. तेथे शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि सर्व धर्मांचे लोक तेथे जातात. शेजारच्या हिंगणघाटावरून वणा नदी वाहत जाते आणि पुढे वर्धा नदीला मिळते.

उन्हाळ्यात या नद्यांचे पात्र कोरडे दिसते. मुले त्यात खेळतात. पावसाळ्यात मात्र त्यांचे रूप बदलते. वर्धा नदीच्याच काठी, नागपूर जिल्ह्यात, मोवाड नावाचे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी तेथे महापूर आला. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विदर्भातील लोक तो दिवस अजून विसरलेले नाहीत.

पूर आला की पहिली अडचण कोणती येते? पाणी किती चढले, कोणते गाव वेढले गेले, कोणत्या घराच्या छपरावर माणसे बसली आहेत, हे कळत नाही. रस्ते पाण्याखाली जातात. विजेचे खांब पडतात. टेलिफोन आणि मोबाइल बंद पडतात. नावा आणि माणसे तयार असतात, पण नाव कोठे न्यायची हेच ठाऊक नसते. अशा वेळी वरून पाहणारा डोळा फार उपयोगी पडतो.

हा डोळा आज आपल्याजवळ आहे. माणूस आत न बसता उडणाऱ्या लहान विमानाला ड्रोन म्हणतात. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या काही तरुणांनी आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. या कंपनीने आणि देशाच्या संरक्षण संशोधन संस्थेने मिळून ‘नेत्र’ नावाचे ड्रोन तयार केले. त्याचे वजन सुमारे दीड किलो होते. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात प्रलय झाला, तेव्हा डोंगरात अडकलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी ‘नेत्र’चा उपयोग करण्यात आला. जेथे माणूस चढू शकत नव्हता, तेथे या यंत्राचा डोळा पोहोचला.

पण डोळ्याने पाहिलेले चित्र खाली पोहोचायला हवे ना! ड्रोन जवळ असेल, तर फारशी अडचण येत नाही. ते दूर गेले की अडचण सुरू होते. ती कशी, ते आपण हिशेब करूनच पाहू.

समजा, समुद्रपूर तालुक्यात मोठा पूर आला आहे आणि एक लहान विमान पाहणीसाठी निघाले आहे. त्याचा वेग ताशी ९० किलोमीटर आहे. म्हणजे ते एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. त्याने एका गावाचे छायाचित्र काढले. संगणकातील छायाचित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्या चित्रात आडव्या ओळीत १००० ठिपके आहेत आणि अशा ८०० ओळी आहेत. एकूण ठिपके झाले ८ लाख.

प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यासाठी तीन आकडे लागतात. तांबड्या रंगाचा एक, हिरव्याचा एक आणि निळ्याचा एक. संगणक सगळे आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहितो. अशा एका खुणेला बिट म्हणतात. एका रंगाला ८ बिट, म्हणून तीन रंगांना २४ बिट. आता ८ लाखांना २४ ने गुणा. उत्तर येते १ कोटी ९२ लाख बिट.

आपल्या विमानातील रेडिओ एका सेकंदात ९६०० बिट पाठवतो. मग पूर्ण चित्र पाठवायला किती वेळ लागेल? भागाकार केला की २००० सेकंद येतात. म्हणजे ३३ मिनिटे आणि २० सेकंद! तेवढ्या वेळात विमान ५० किलोमीटर पुढे गेलेले असेल. समुद्रपूर सोडून, हिंगणघाट मागे टाकून ते कुठच्या कुठे पोहोचेल. आणि खाली पाणी चढतच राहील.

तुम्ही विचाराल, मग जलद रेडिओ का लावत नाहीत? लावता येतो, पण त्याला किंमत द्यावी लागते. शेताच्या दुसऱ्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाशी आपण भरभर बोललो, तर त्याला काही समजत नाही. आपण सावकाश, एकेक शब्द तोडून बोलतो, तेव्हा त्याला कळते. रेडिओचेही तसेच आहे. अंतर वाढले की लहरी क्षीण होतात आणि त्यांत खरखर मिसळते. प्रत्येक बिटला जास्त वेळ दिला, तरच ती खरखरीतून ओळखू येते. जलद पाठवायचे असेल, तर जास्त शक्तीचे यंत्र, मोठा अँटेना आणि जड बॅटरी लागते. दीड-दोन किलोच्या विमानाला हा भार कसा पेलवणार? शिवाय मध्ये टेकडी आली, तर जलद रेडिओच्या लहरी बहुधा अडतात. म्हणून दूरच्या कामासाठी पुष्कळदा सावकाश चालणाऱ्या रेडिओवरच भागवावे लागते.

याच अडचणीला मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तोंड द्यावे लागले आहे. जुलै १९६५ मध्ये अमेरिकेचे मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने मंगळाची जवळून काढलेली पहिली चित्रे पाठवली. एका चित्रात २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके होते. एका ठिपक्याला ६ बिट. म्हणजे सारे मिळून २ लाख ४० हजार बिट. इतके लहान चित्र! पण कोट्यवधी किलोमीटरवरून येणारा रेडिओ एका सेकंदात फक्त सव्वाआठ ते साडेआठ बिट आणू शकत होता. एका चित्राला सुमारे ८ तास लागत. पृथ्वीवरच्या तंत्रज्ञांना धीर धरवेना. येणारे आकडे त्यांनी कागदाच्या पट्ट्यांवर छापले, भिंतीवर चिकटवले आणि आकड्यांप्रमाणे रंगीत खडूंनी रंगवून पहिले चित्र हातानेच तयार केले.

मंगळ काही पळून जाणार नव्हता. तेथे ८ तास थांबता आले. पुरात थांबता येत नाही. वाट रुंद करता येत नसेल, तर दुसरा एकच उपाय उरतो. ओझे लहान करायचे.

ओझे लहान करण्याची कला आपल्या वाडवडिलांना चांगली ठाऊक होती. घरातील वडीलधाऱ्या माणसांना तारेविषयी विचारा. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेत शब्दांच्या संख्येप्रमाणे पैसे पडत. म्हणून ‘आईची तब्येत फार बिघडली आहे, तरी आपण पहिल्या गाडीने निघून यावे’ असे कोणी लिहीत नसे. ‘आई आजारी. लगेच या.’ एवढेच लिहीत. मजकूर लहान झाला, पण निरोप पूर्ण पोहोचला. मराठीत आपण याला सारांश म्हणतो. उर्दूत तुम्ही याला खुलासा म्हणता. येथे एक गंमत लक्षात ठेवा. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. शब्द एकच, पण अर्थ वेगळा.

चित्राचाही सारांश करता येतो. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत हिशेबवहीत पाहायला मिळते. तोच मजकूर पुन्हा आला, की मराठी कारकून ‘वरीलप्रमाणे’ असे लिहितो आणि उर्दू मुन्शी ‘ऐजन’ लिहितो. पुराच्या चित्रात गढूळ पाण्याचे हजारो ठिपके जवळजवळ एकाच रंगाचे असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग पुन्हा पुन्हा कशाला सांगायचा? जेथे रंग अगदी तोच आहे, तेथे ‘पुढचे तीनशे ठिपके असेच’ म्हटले की झाले. या रीतीने काहीच गमावले जात नाही. पण चित्र फारसे लहानही होत नाही.

दुसरी रीत अधिक धाडसाची आहे. डोळ्याला जे फारसे जाणवत नाही, ते सोडूनच द्यायचे. ही रीत ज्यांच्यामुळे शक्य झाली, त्यांचे नाव तुम्हांला माहीत असायला हवे. ते म्हणजे नासिर अहमद. त्यांचा जन्म १९४० मध्ये बंगळूर येथे झाला. तेथेच त्यांनी इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले आणि पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले. तेथे ते प्राध्यापक झाले. चित्रातील माहिती थोडक्यात मांडण्याची एक नवी गणिती कल्पना त्यांना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी त्या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. कल्पना फारच साधी आहे असे ठरले आणि पैसे मिळाले नाहीत. नासिर अहमद निराश झाले, पण थांबले नाहीत. त्यांनी काम चालूच ठेवले. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी लिहिलेला लेख जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९२ मध्ये छायाचित्रे लहान करण्याची जी ‘जेपेग’ नावाची जागतिक पद्धत ठरली, तिचा पाया याच कल्पनेवर रचलेला आहे. आज मोबाइलवर तुम्ही छायाचित्र काढता आणि नातेवाइकांना पाठवता, तेव्हा बहुतेक वेळा हीच पद्धत काम करीत असते.

ही कल्पना कोणती? चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे. एका चौकोनात ८ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८ ठिपके, म्हणजे ६४ ठिपके. आता प्रत्येक ठिपका वेगळा सांगायचा नाही. आधी सांगायचे, की हा चौकोन सरासरी किती उजळ आहे. मग सांगायचे, की उजेड डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली हळूहळू कसा बदलतो. शेवटी बारीक बारीक फरक सांगायचे. असे केल्याने ६४ आकड्यांचे पुन्हा ६४ आकडेच होतात. मग फायदा काय? फायदा हा, की महत्त्वाची बहुतेक माहिती सुरुवातीच्या थोड्या आकड्यांत गोळा होते. पुढचे आकडे शून्याच्या जवळ असतात. ते शून्य धरले तरी डोळ्याला फरक क्वचितच कळतो. आणि ओळीने चाळीस-पन्नास शून्ये आली, तर ‘पुढे सगळी शून्ये’ एवढेच लिहावे लागते.

या रीतीने आपले चित्र वीसपट लहान केले असे समजा. आता ते २००० सेकंदांऐवजी १०० सेकंदांत खाली येईल. विमान तेवढ्यात फक्त अडीच किलोमीटर पुढे जाईल. आधी सर्व चौकोनांची सरासरी पाठवली आणि मग एकेक थर बारीक माहिती पाठवली, तर आणखी सोय होते. पहिल्या काही सेकंदांतच सगळ्या गावाचे धूसर चित्र पडद्यावर दिसू लागते आणि हळूहळू ते स्पष्ट होत जाते.

वाटेत रेडिओची खरखर असतेच. एखादी बिट चुकली, तर काय होते? लहान केलेल्या चित्रात प्रत्येक बिटवर पुष्कळ काही अवलंबून असते. एक चुकली की तिच्या पुढचा भाग वेडावाकडा होऊ शकतो. म्हणून चित्राचे तुकडे करून पाठवतात. प्रत्येक तुकड्यावर त्याचा क्रमांक असतो आणि शेवटी एक ताळ्याचा आकडा असतो. गणितात तुम्ही ताळा करून पाहता, तसाच हा ताळा. तो जुळला नाही, तर जमिनीवरचे यंत्र सांगते, ‘सतरावा तुकडा पुन्हा पाठवा.’ सगळे चित्र पुन्हा पाठवावे लागत नाही. आकाशात फुगे सोडून चित्रे मिळवणारे हौशी रेडिओवालेही चित्राचे असेच छोटे तुकडे करतात. एखादा तुकडा हरवला, तरी बाकीचे चित्र त्यांच्या हाती लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. आपल्या चित्रात गावाचा ५०० मीटर रुंदीचा भाग आला आहे आणि त्या रुंदीत १००० ठिपके आहेत. म्हणजे एक ठिपका अर्ध्या मीटरचा झाला. छपरावर एखादी आजी थकून आडवी झाली असेल, तर ती चित्रात किती दिसेल? लांबीला फक्त तीन-चार ठिपके! आपण बारीक फरक सोडून दिले, की हे तीन-चार ठिपके छपराच्या रंगात मिसळून जाऊ शकतात. चित्र सुंदर दिसेल. पाणी दिसेल, छप्पर दिसेल. आजी मात्र दिसणार नाही. यंत्राला वाटेल, एक क्षुल्लक डाग सोडला. पण त्या डागासाठीच तर विमान पाठवले होते!

यावर उपाय काय? सगळे एकदम मागायचे नाही. विमानातील कॅमेरा मुळात फार मोठे चित्र काढतो आणि ते आपल्या कार्डावर जपून ठेवतो. समजा, त्या मूळ चित्राच्या रुंदीत ४००० ठिपके आहेत. त्यात एक ठिपका साडेबारा सेंटीमीटरचा होतो. खाली आधी सगळ्या गावाचे लहान चित्र मागवायचे. जाणकार माणसाने ते नीट पाहायचे. ‘या छपरावर काहीतरी आहे’ असा संशय आला, की तेवढ्याच जागेचा मूळ तुकडा मागवायचा. २५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद जागेत एक घर आणि त्याचे अंगण मावते. मूळ चित्रात त्या जागेचे ठिपके होतात २०० गुणिले १६०, म्हणजे ३२ हजार. हा तुकडा फक्त चौपट लहान करून पाठवला, तर २० सेकंद लागतात. आता आडवी झालेली आजी तेरा-चौदा ठिपक्यांएवढी लांब दिसेल आणि ओळखू येईल. पहिले चित्र १०० सेकंदांचे, दुसरा तुकडा २० सेकंदांचा. दोन मिनिटांत नाव कोणत्या घराकडे न्यायची ते कळले!

प्रत्येक कामात इतकी घाई नसते, हेही लक्षात घ्या. केंद्र सरकारने २०२० मध्ये ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. तिच्यात गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनने केली जाते. तेथे चित्रे कार्डावर साठवून, ड्रोन उतरल्यावर सावकाश पाहिली तरी चालते. तेथे एकही रेष सोडून चालत नाही, कारण ती रेष म्हणजे कोणाच्या तरी घराची हद्द असते. पुरात वेळेला किंमत आहे आणि मोजणीत रेषेला. काम पाहूनच रीत निवडावी लागते.

मित्रांनो, निरोप लहान करणे ही कला आहे. तारेत ती होती, हिशेबवहीत होती आणि आज आकाशातून येणाऱ्या चित्रातही आहे. यंत्र सांगते, किती सोडले म्हणजे चित्र किती लहान होईल. पण काय सोडू नये, हे माणसालाच ठरवावे लागते. उद्या तुमच्यापैकी कोणी असे यंत्र चालवील किंवा बनवील. तेव्हा तुमचे चित्र थोडे धूसर झाले तरी चालेल. छपरावरचा माणूस मात्र त्यातून सुटता कामा नये.

शब्दार्थ

पात्र – नदीचे पाणी वाहण्याची जागा
क्षीण – दुबळा, कमी शक्तीचा
वाडवडील – पूर्वज, घरातील आधीच्या पिढ्यांतील माणसे
मजकूर – लिहिलेली माहिती
धूसर – अस्पष्ट
ताळा – हिशेब बरोबर आहे की नाही हे तपासण्याची रीत
क्षुल्लक – अगदी लहान, बिनमहत्त्वाचा
गावठाण – गावातील घरांची वस्ती असलेली जमीन
हद्द – सीमा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोवाड गावात महापूर केव्हा आला?
(आ) मरिनर-४ यानाचे एक चित्र पृथ्वीवर यायला किती वेळ लागत असे?
(इ) नासिर अहमद यांचा जन्म कोठे झाला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) दूर गेलेल्या विमानातून सावकाश चालणाऱ्या रेडिओने चित्र का पाठवावे लागते?
(आ) चित्राचे तुकडे करून पाठवण्याचे फायदे कोणते?
(इ) चित्र फार लहान केल्याने पुराच्या वेळी कोणता धोका संभवतो?

३. हिशेब करा.
एका चित्रात ६०० ठिपक्यांच्या ४०० ओळी आहेत. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट लागतात. सेकंदाला ९६०० बिट पाठवणाऱ्या रेडिओने हे चित्र किती मिनिटांत येईल? ते पंधरापट लहान केले, तर किती सेकंद लागतील?

४. ‘खुलासा’ या शब्दाचा मराठीत आणि उर्दूत वेगळा अर्थ होतो. असे आणखी तीन शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. पुढील निरोप जास्तीत जास्त सहा शब्दांत लिहा.
‘आमच्या गावाला पुराच्या पाण्याने चारही बाजूंनी वेढले असून शाळेच्या छपरावर वीस माणसे बसलेली आहेत, तरी कृपा करून लवकर नाव पाठवावी.’
निरोप लहान करताना तुम्ही कोणते शब्द सोडले आणि कोणते सोडले नाहीत, ते कारणांसह वर्गात सांगा.